तेल जरा जास्तच झालं

त्या जिन्यात दोन माणसं एका वेळी मावत नाहीत, हे स्नूकर क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त त्या शनिवारी घाईघाईनं खाली उतरणाऱ्या उंच माणसाला ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्याला क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, लांबलचक पेटी होती. खालून एक मुलगी जवसाच्या तेलाची बाटली भरून घेऊन वर येत होती, आणि बाटलीचं बूच नेहमीप्रमाणे नुसतंच टेकवलेलं होतं.

व्हायचं ते झालं. त्याच्या बाहीवरून पिवळा ओघळ मनगटापर्यंत उतरला.

"अरे देवा... शर्ट गेला!"

"जुनाच होता," तो म्हणाला. "तेल महाग होतं का?"

"तेलाचं राहू द्या. बघून चालायचं ना माणसानं!"

"बघूनच चालत होतो... पायऱ्यांकडे. वर कोण येतंय याची कल्पना असती, तर तिकडे बघितलं असतं."

तिला हसू आलं, पण ते तिनं दाबलं. अनोळखी माणसाच्या विनोदाला लगेच हसलं की तो आणखी दोन सांगतो, असा तिचा अनुभव होता.

"वर दुरुस्तीच्या टेबलाशी कुणीच नव्हतं, म्हणून परत निघालो होतो," त्यानं सांगितलं.

"दुरुस्तीवाली तुमच्यासमोर उभी आहे. चला वर."

स्नूकर क्लब तिच्या मामाचा. मामा गल्ल्यावर बसत. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत, म्हणून ती आपोआप सगळ्यांची भाची झाली होती. केस पांढरे झालेले खेळाडूही तिला "भाची, टिप बदल गं" म्हणत. हिरव्या टेबलांच्या पलीकडे खिडकीशी तिचं कामाचं टेबल होतं. क्यूच्या टोकाची टिप बदलायची, लाकूड घासायचं, तेल द्यायचं. मागच्या दोन खोल्यांत ती आणि मामा राहत. आई धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला म्हणून परगावी गेली, ती बाळ शाळेत जायला लागलं तरी परतली नव्हती. फोनवर आई बोलायची ती बाळाबद्दलच. मग ही "बरं... हो का... बरं" म्हणायची आणि फोन ठेवून पुन्हा लाकूड घासायला बसायची. दुपारी क्लब रिकामा असे. कोपऱ्यातला पंखा तेवढा कुरकुरायचा, आणि तिला त्याचीसुद्धा सोबत वाटायची. असं होतं.

त्याचा क्यू तिनं खिडकीकडे धरून पाहिला. लाकूड चांगलं होतं, पण पार कोरडं पडलेलं.

"काय हाल केलेत याचे?"

"जुना विकत घेतला. मी इथं नवाच आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्ट वरखाली जाते त्या विहिरीत असतो, तिथं बोलायला कुणी नाही. म्हटलं, शनिवारी निदान चेंडूंचा तरी आवाज ऐकू."

हे तो हसत म्हणाला, पण तिला ते नीट कळलं. जरा जास्तच नीट कळलं.

तिनं ओल्या फडक्यानं क्यू पुसला, वाळू दिला, मग दुसऱ्या फडक्यावर चार थेंब तेल घेऊन लाकडाला चोळलं. "आता फडकं बाजूला. उघड्या तळव्यानं घासायचं, लाकूड गरम लागेपर्यंत."

"असं?"

"असं नाही... पोळल्यासारखा हात काय काढताय? दाबून."

दोघांचे हात एकाच दांड्यावर आले. तिचा पुढे, त्याचा मागे. लाकूड गरम झालं. तिचे कानही झाले.

आता खरी गोष्ट अशी की एकदा तेल पाजलेल्या क्यूला पुढे कित्येक महिने तेल लागत नाही. बाकीच्यांना ती हे फटकन सांगायची – "रोज काय न्हाऊ घालायचंय त्याला?" पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा पेटी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जरा कोरडा वाटतोय का हो?"

तिनं क्यूवरून बोट फिरवलं. मऊसूत होता.

"हं... थोडा वाटतोय खरा," ती म्हणाली.

झालं! दर शनिवारी दुपारी तो यायचा, आणि क्यूला तेल मिळायचं. शुक्रवारपासूनच ती टेबल आवरायला लागायची. मामा त्याला बांबू म्हणत. "आला गं तुझा बांबू!" असं गल्ल्यावरून ओरडत, आणि ती उगाच खाली वाकून काहीतरी शोधायची.

"ही फडकी दोरीवर का वाळत घातलीत?" त्यानं एकदा विचारलं.

"जवसाचं तेल लागलेलं फडकं बोळा करून टाकलं, तर आतल्या आत तापून पेट घेतं. मोकळं पसरून ठेवावं लागतं."

"आणि माणूस आतल्या आत तापला तर?"

"माणसाचं मला माहीत नाही. मी क्यूची दुरुस्ती करते."

"बरं... सगळे तुम्हाला भाची म्हणतात. मी म्हटलं नाही तर चालेल?"

"का? तुम्हाला काय अडचण?"

"भाची म्हटलं, तर मी तुमचा मामा होईन. ते मला परवडणार नाही."

या वेळी तिनं हसू दाबलं नाही.

पण शनिवार संपला की रविवार यायचाच. मामा जेवताना बातम्या बघत. ती ताट धुवायची, दिवा मालवायची आणि अंथरुणात पडून त्याचं एखादं वाक्य पुन्हा पुन्हा आठवायची. आठवडाभर पुरवायचं म्हणजे जपूनच वापरावं लागे.

एका शुक्रवारी मामा तिच्या टेबलाशी आले. शहराच्या संघाची निवड होती. रविवारच्या सामन्यात जिंकेल त्याला जागा, आणि बांबू तिथवर पोचला होता.

"पण कालच्या निवडीच्या सामन्यात त्यानं तोंडातला घास सोडावा तसा सोपा चेंडू सोडला," मामा म्हणाले. "मी क्यू हातात घेऊन बघितला, तर बोटांना चिकटतोय! अगं, किती तेल पाजलंस त्याला? अति तिथं माती."

मामा गेले. ती बसूनच राहिली. लाकूड पोटभर प्यालं होतं, वरचं तेल साचून चिकट झालं होतं, आणि हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. ती काही कच्ची कारागीर नव्हती. तिला फक्त शनिवार हवे होते.

सांगितलं, तर तो कशाला येईल? नाही सांगितलं, तर तो हरेल. लिफ्टच्या विहिरीतून बाहेर पडायची त्याची तेवढी एकच वाट होती.

शनिवारी तो आला. तिनं तेलाची बाटली काढलीच नाही. स्पिरिटचं फडकं घेतलं आणि दांडा पुसायला लागली. फडकं पिवळं झालं, तिनं दुसरं घेतलं. मान वर न करता ती म्हणाली,

"याला तेल नकोच होतं. पहिल्या दिवसानंतर कधीच नको होतं. मी... मी उगाच देत राहिले. तुमचा हात अडकतो, तो त्यामुळे. चूक माझी आहे. आता सहा महिने याला आणू नका."

तिनं कोरड्या फडक्यानं क्यू लख्ख केला, पेटीत ठेवला, पेटी त्याच्यापुढे सरकवली.

"बरं," तो म्हणाला. आणि गेला.

सामन्याला ती गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार? संध्याकाळी मामा जिना चढतानाच ओरडले, "जिंकला गं! काय हात सुटला होता त्याचा!" तिनं टाळ्या वाजवल्या, मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. आनंद होता तो. पण नुसता आनंद नव्हता.

पुढचा शनिवार कोरडा गेला. मामांनीसुद्धा चेष्टा केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. गरज सरो, वैद्य मरो... तिनं स्वतःलाच समजावलं. वैद्यानं रोगही स्वतःच दिलेला, मग तक्रार कसली?

त्याच्या पुढच्या शनिवारी बाहेर बारीक पाऊस होता. क्लबात कुणी नव्हतं. ती कुणाच्या तरी क्यूला तेल देऊन त्याची टिप घासत होती. जिन्यात पावलं वाजली. ती उठली नाही. असेल कुणीही.

तो दारात उभा होता. केस ओले होते आणि खांद्याला पेटी नव्हती.

"क्यू कुठंय?" तिनं विचारलं.

"घरी. छान आहे. तुम्ही आणू नका म्हणालात."

"मग... काय काम काढलंत?"

"काहीच नाही." तो आत आला. "मागच्या शनिवारी जिन्यापर्यंत आलो होतो, पेटी घेऊन. मग वाटलं, आता कोणतं निमित्त सांगणार? तसाच परत गेलो. आठवडाभर विचार केला... मी लिफ्टच्या रुळांना तेल देतो हो. रोज. जास्त तेल दिलं की काय होतं, हे मला कळत नसेल?"

तिच्या हातातली कानस थांबली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच शनिवारी."

"आणि तुम्ही हरला असता तर? एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"बोललो असतो, तर पुढच्या शनिवारी कुठं गेलो असतो?" त्यानं विचारलं. "माझ्या खोलीवर मी एकटा असतो. इथं आलो की नसतो. म्हणून आज काम नसताना आलोय. चालेल का, तेवढं सांगा. नाही म्हणालात तर... जिना मला माहीत आहे."

तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पुसायला हात उचलला, तर बोटांना तेल.

"माझी वाट बघितलीत?" त्यानं हळूच विचारलं.

"फार," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. ती मागे सरकली. "नको... माझे हात तेलकट आहेत."

त्यानं आपला तळवा उलटून दाखवला. नखांच्या कडांना, रेघारेघांत काळं ग्रीस बसलेलं होतं.

"साबणानं जात नाही हे," तो म्हणाला. "कितीदा धुऊन बघितलं."

मग तिनं त्याचा हात धरला.