शाळा उघडायलाच हवी!

“बंद! आजपण शाळा बंद!”

भोंग्याने गल्लीच्या टोकापासून आरोळी ठोकली आणि घराघरांतून पोरं बाहेर उसळली. कुणी दप्तर भिरकावलं, कुणी चेंडू काढला. भोंग्याचं नाव त्याच्या आवाजामुळे पडलं होतं, आणि कायम त्याच्या मागे मागे हिंडणाऱ्या धाकट्या बहिणीला सगळे शेपूट म्हणत.

मामाच्या घराच्या पायरीवर टाचणी तेवढी दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून ती टाचणी!

वादळात शाळेचे बरेच दिवस बुडाले होते. ते भरून काढायला सुट्टीत भरपाईची शाळा भरत होती. शेवटचा एकच दिवस उरला होता, तोही तोंडी परीक्षेचा. सोमवारी ती व्हायची, तर ‘अतिवृष्टीमुळे शाळा बंद’ असा निरोप फोनवर आला. आज मंगळवारी पुन्हा तेच! उद्याही तसंच झालं, तर परीक्षा गुरुवारी. आणि गुरुवारी टाचणीची आई येणार होती.

आई मालवाहू जहाजावर स्वयंपाक करायची. जहाज बंदराला लागलं की सकाळी यायची आणि संध्याकाळी परत जायची. बाकी सगळे महिने टाचणी मामाकडे. मामा-मामी प्रेमळ होते, पण दोघं दुकानात गेली की घर नुसतं खायला उठायचं.

“गुरुवारी मार की दांडी!” भोंगा म्हणाला.

“आणि नापास होऊ? गैरहजर राहिलात तर सबब चालणार नाही, असं मोठ्या बाईंनी बजावलंय.”

“मग आईला सांग, शुक्रवारी ये.”

“जहाज म्हणजे काय सायकल आहे, कोपऱ्यावर उभी करून ठेवायला?”

भोंग्याने डोकं खाजवलं.

“पण दादा,” शेपटाने हात पुढे करून पाहिला, “अतिवृष्टी आहे कुठे? माझी चप्पलसुद्धा धड भिजली नाही!”

तिघांनी वर पाहिलं. नुसती भुरभुर होती. कालही तेवढीच होती!

“चला शाळेत!” टाचणी ताडकन उठली.

शाळेच्या मागच्या अंगणात पर्जन्यमापक होता. शिपाईकाका रोज सकाळी त्यातलं पाणी बघत आणि मोठ्या बाईंना फोन करत. पाणी लाल रेघेवर गेलं की शाळा बंद, असा वादळापासूनचा नियम. तिघं मागच्या दाराने आत शिरली. मापक काठोकाठ भरला होता! शेजारी उघड्यावर पडलेल्या बादलीत मात्र तळ झाकण्यापुरतंच पाणी.

“आणि हे हिरवं काय?” शेपूट मापकात डोकावली.

“शेवाळ!” टाचणी ओरडली. “आभाळात शेवाळ कधीपासून उगवायला लागलं?”

भोंग्याने परीक्षेसाठी घोकलेलं उत्तर छाती काढून म्हणून दाखवलं, “पर्जन्यमापक मोकळ्या जागी, भिंतींपासून दूर ठेवावा... अरेच्चा! हा तर भिंतीला चिकटलाय!”

वादळात उडून जाऊ नये म्हणून विज्ञानाच्या सरांनीच तो तिथे आणून ठेवला होता आणि मग विसरून गेले होते. टाचणीने मान वर केली. बरोबर डोक्यावर गच्चीवरच्या टाकीची नळी होती, रविवारीच नवी बसवलेली. टाकी भरली की जास्तीचं पाणी तिथून सांडायचं. सकाळी शिपाईकाका पंप लावून चहाला जात, टाकी वाहत राही, आणि परत येऊन ते मापक बघत!

तिघं धापा टाकत मोठ्या बाईंच्या घरी पोचली. बाईंनी दार अर्धंच उघडलं. “सुट्टी मिळाली तरी तक्रार? यंत्र खोटं बोलत नाही. पळा!”

“आपणच मापक हलवू या,” भोंगा म्हणाला.

“नको. मग आपणच लबाडी केली म्हणतील. पाणी पडताना त्यांना दिसायला हवं. उद्या पंप लागायच्या आत यायचं!”

पण संध्याकाळी भोंगा मान खाली घालून आला. “शाळा उघडायला लावलीस तर खेळायला घेणार नाही, असं सगळे म्हणतायत. मी... मला नाही जमणार.”

टाचणीला फार वाईट वाटलं. सगळ्या गल्लीत शाळा हवी असणारी ती एकटीच होती, आणि का हवी ते कुणाला पटवून सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आभाळ कोरडं होतं. रिकाम्या अंगणात तिने मामाची मोठी छत्री मापकावर धरली. पंप घरघरला. थोड्या वेळाने वरून गार पाण्याची धार कोसळली. छत्री मापकावर, त्यामुळे ती स्वतः निथळत होती. हात भरून आले. रडूही आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

शिपाईकाका आले. “अगं पोरी, पाऊस नाही आणि छत्री कसली?”

“माझ्यासाठी नाही काका, मापकासाठी!”

तेवढ्यात फाटकातून ओळखीचा आवाज दणाणला, “बघा बाई, बघा! पाऊस पडतोय, पण एवढ्याशाच जागेवर!”

भोंगा होता! त्याने बाईंच्या खिडकीखाली असा काही गळा काढला होता की त्या घरातल्या चपलांवरच धावत आल्या होत्या. शेपूट अर्थातच मागे होती.

मोठ्या बाईंनी नळीकडे पाहिलं, मग भिजलेल्या टाचणीकडे. त्यांनी आपली ओढणी काढून तिच्या खांद्यावर घातली. “तुम्ही काल सांगितलंत तेव्हाच मी यायला हवं होतं. शाब्बास, पोरांनो! शिपाईकाका, घंटा द्या!”

शाळा भरली, परीक्षा झाली. बाईंनी तिघांचं भर वर्गात कौतुक केलं. टाळ्या मात्र दोघांच्याच वाजल्या, भोंग्याच्या आणि शेपटाच्या.

गुरुवारी आई आली. मामाने दारातच सांगितलं, “तुझ्या लेकीने एकटीने शाळा उघडायला लावली! धीराची आहे हो!” आईने टाचणीला घट्ट जवळ घेतलं. “सगळं सांग मला, अगदी पहिल्यापासून,” म्हणाली, आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून ऐकायला लागली. जहाजावर रात्रभर चूल सांभाळून आली होती. मापकापर्यंतही गोष्ट पोचली नाही, तोच तिचा डोळा लागला.

दुपार झाली. टाचणीच्या पायाला मुंग्या आल्या. मामीने खुणेनेच विचारलं, “उठवू का?”

टाचणीने नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी आई जाणार होती आणि सांगायचं सगळंच राहिलं होतं. तरी तिने पाय हलवला नाही.