जागच्या जागी

सिनेमातली माणसं चालतात तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्यांची नसतात. चित्रीकरणाच्या गलक्यात खरी पावलं बुडून जातात, म्हणून मागाहून कुणीतरी बंद खोलीत पडद्याकडे बघत ती वाजवायची. हे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे पायमास्तर म्हणत. राजे, चोर, पोलीस, डॉक्टर, सगळ्यांचे पाय त्यांनी आयुष्यभर वाहिले, आणि स्वतः मात्र एकाच खोलीत जागच्या जागी चालत राहिले. धंद्याचा नियमच तसा. माइक एका ठिकाणी असतो, त्याच्यासमोरच्या चौकटींत लाकूड, फरशी, खडी मांडलेली असते, आणि तिथल्या तिथे पावलं टाकायची. माणूस जवळ आला की लांब गेला, हे नंतर आवाज चढवून-उतरवून ठरवतात. मास्तरांची बायको म्हणायची, "अहो, एवढं चालून कुठेच न पोचलेलं जोडपं जगात दुसरं नसेल."

बायकांची पावलं ती वाजवायची, पुरुषांची मास्तर. पडद्यावरचं जोडपं कडाकडा भांडत असलं तरी हे दोघं खाली खेटून उभे. पायांकडे बघायचं नाही, खांद्यांकडे बघायचं, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. पाऊल पडायच्या आधी खांदा सांगतो म्हणे. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बाईचं काम आलं की मास्तर सरळ हात जोडत.

मग हा सिनेमा आला. दिग्दर्शिका पोरसवदा होती आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सवड देत नसे. गोष्ट अशी: घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची बायको मरते, आणि तरी रोज दिवेलागणीला घरी येते. भांडी आवरते, त्याच्याशी गप्पा मारते, उजाडायच्या आत जाते. तो सगळं सोडून फक्त संध्याकाळची वाट बघत बसतो आणि दिवसेंदिवस वाळत जातो. शेवटी त्याला स्वतःच दार उघडून 'जा' म्हणावं लागतं.

"माझी नायिका भूत नाही मास्तर, बायको आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "तिची पावलं वाजलीच पाहिजेत. शेवटी ती घरातल्या लाकडावरून, मग पायऱ्यांवरून, मग खडीवरून धुक्यात निघून जाते. तो दारातच उभा राहतो. मागे जात नाही. मागे गेला तर माझा सिनेमाच गेला!"

मास्तर नाहीच म्हणणार होते. पण काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी गळ घातली. त्यांनी या नवरा-बायकोबरोबर अर्धं आयुष्य काढलं होतं. "मास्तर, कधीतरी सुरुवात करावीच लागेल की," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी काम घेतलं.

बायकोच्या चपलांना हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. म्हणून दुकानातून टाचेच्या चपलांचा नवा जोड आणला. दुकानदाराने घरच्यांचं माप विचारलं तेव्हा मास्तरांनी आपले पंजे पुढे केले, आणि दुकानदार दोन पावलं मागे सरकला. पण काम तसंच करायचं होतं. बूट काढून मोज्यांवर खाली बसायचं, चपला हातांत घालायच्या आणि फळीवर हातांनी चालायचं. पहिल्या दिवशी ताई काचेआड हसून हसून लाल झाल्या. मास्तरही हसले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं.

प्रसंग सोपा होता. नायिका स्वयंपाकघरातून येते, खिडकीशी थांबते. मास्तरांनी तिच्या खांद्यांवर नजर ठेवून पावलं वाजवली, खिडकीशी हात थांबवले.

"छान," ताई आतून म्हणाल्या. "फक्त शेवटची जादा पावलं नकोत. ती थांबलीय आणि तुम्ही चालताय."

"मी नाही चाललो. थांबलो की."

"ऐका तर."

मास्तरांनी हेडफोन लावले. त्यांची पावलं आली, थांबली. मग थोडी शांतता. मग लांबून, खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी कुणी असावं तशी, आणखी पावलं. हलकी. उजवं पाऊल डाव्याच्या किंचित मागे रेंगाळणारं, टाच जराशी घासणारं.

मास्तरांनी ती चाल ओळखली. बायको लग्नाआधी जिन्यावरून पडली होती, तेव्हापासून तिचं उजवं पाऊल उशिरा पडायचं. नायिकांसाठी वाजवताना ती ते कसोशीने लपवायची. घरात मात्र तशीच चालायची.

"जुनं काहीतरी मिसळलं असेल," ते म्हणाले.

ताईंनी जुन्या आवाजांचा सगळा साठा यंत्रापासून सोडवला, वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या. "आता काही मिसळायला शिल्लकच नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा मुद्रण केलं. पुन्हा तेच. आणि खोलीत बसलेल्या मास्तरांना साध्या कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

ताईंना वाटलं, मास्तर हातचलाखी करताहेत आणि त्यांना स्वतःलाच कळत नाहीये. मास्तरांना वाटलं, ताई त्यांची समजूत घालायला काहीतरी करताहेत. दोघांनीही तसं बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळीच आले आणि ताईंच्या शेजारी काचेआड जाऊन बसले. खोलीत कुणी नव्हतं. पडदा बंद. कामाआधी रिकाम्या खोलीची शांतता टिपून ठेवायची पद्धत असते, ती नंतर आवाजांच्या खाली अंथरतात. ताईंनी तेवढंच सुरू केलं.

लाकूड वाजलं. दोघांच्याही हेडफोनमध्ये वाजलं. पावलं भिंतीपासून निघाली, हळूहळू मोठी होत आली. मास्तर काचेला नाक लावून फळीकडे बघत होते. फळीवर धूळही हलत नव्हती. पावलं माइकपाशी आली आणि थांबली.

"मास्तर," ताई कुजबुजल्या, "जागच्या जागी वाजवलेलं पाऊल असं जवळ येत नाही. हे चालत आलंय."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटलीच नाही. इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

त्या दिवसापासून कामाचा बोजवारा उडाला. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसत, शांतता मुद्रित करायला लावत आणि हेडफोन लावून ऐकत राहत. पावलं येत, थांबत. कधी परत फिरत नसत. जाताना ती कशी जातात, जातात की नाही, हे माइकला कधी ऐकू आलंच नाही. मास्तर जेवायला उठेनासे झाले. लेकीचा फोन आला तर "कामात आहे" म्हणून ठेवून देत. बाकीचे प्रसंग त्यांनी कसेबसे उरकले, पण शेवटच्या प्रसंगाशी आले की हात अडखळत. कधी पाऊल आधी पडे, कधी चपलेचा पट्टा निसटे, कधी खोकला येई.

"तुम्ही मुद्दाम चुकताय," ताई एकदा म्हणाल्या.

मास्तरांनी हातांतल्या चपला उतरवल्या.

"मी तिची जाणारी पावलं वाजवली ना ताई, तर ती जाईल," ते म्हणाले. "हसू नका. मला आपलं वाटतं तसं. आजवर या खोलीत ती नुसती येतेय. जायचं कसं, हे मीच वाजवून दाखवायचं?"

ताई हसल्या नाहीत. "वहिनी रोज येतात आणि उभ्या राहतात," त्या म्हणाल्या. "मला ऐकवत नाही हो आता. कुणाला तरी दारात ताटकळत ठेवल्यासारखं वाटतं. आणि तुमचं तोंड बघितलंत का आरशात?"

मास्तरांनी घरी जाऊन आरशात बघितलं. गालफडं बसली होती. सिनेमातल्या घड्याळवाल्याला रंगभूषा करून असंच दाखवलं होतं. ते गोंधळले. सिनेमाची गोष्ट आपल्यात शिरली, की आपली गोष्ट आधीपासून सिनेमात होती? आणि मुळात पावलं खरी, की दोघांच्या म्हाताऱ्या कानांचा एकच भ्रम? कुणाला विचारायची सोय नव्हती. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, पुरे झालं. तिला मोकळं करायचं.

सकाळी दिग्दर्शिका स्वतः येऊन बसली होती. "मास्तर, आज झालंच पाहिजे हं. माझ्या जिवाला घोर लागलाय."

"आज होईल," मास्तर म्हणाले.

त्यांनी बूट काढून कोपऱ्यात ठेवले. खाली बसले. चपला हातांत चढवल्या. लाकडाची फळी, पुढे दगडी फरशी, पुढे खडी. पडदा उजळला.

घड्याळवाल्याने दार उघडलं. त्याचे ओठ हलले. जा.

नायिकेचा खांदा हलला. मास्तरांनी पहिलं पाऊल टाकलं.

लाकूड. त्यांना हातांखाली लाकूड गार लागलं. मनातल्या मनात ते बोलत होते. जा गं. सावकाश जा. पायरीला जप.

फरशी. नायिका मागे वळली नाही.

खडी. चपला खडीत रुतल्या, करकरल्या. धुकं आलं. तिची पाठ पुसट होत गेली.

आणि अगदी शेवटी, पडदा पांढरा व्हायच्या आधी, मास्तरांच्या मनात न बोलावता दुसरंच वाक्य उमटलं. हो पुढे, आलोच.

जन्मभर ते हेच म्हणत आले होते. ती तयार होऊन जिना उतरायची आणि यांना चष्मा सापडायचा नाही. दवाखान्यात तिला आत नेत होते तेव्हाही तोंडातून हेच गेलं होतं.

पडदा विझला.

"वा!" दिग्दर्शिका टाळ्या वाजवत म्हणाली. "ऐकूया."

मास्तर मोज्यांवरच काचेआड आले. हेडफोन लावायला त्यांचे हात धजेनात. ताईंनीच ते लावून दिले.

पावलं निघाली. मास्तरांची नव्हती ती. उजवं पाऊल मागे रेंगाळत होतं. लाकडावरून फरशीवर, फरशीवरून खडीवर, आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लांबून येत होतं. कुणी आवाज उतरवलेला नव्हता. ती जात होती.

मास्तरांनी डोळे मिटले. रडू आलं, पण छाती हलकी झाली.

मग माइकच्या अगदी जवळ लाकूड दणकन वाजलं.

जड पावलं. पुरुषाची. कातडी बुटांची. घाईघाईने लाकूड ओलांडून, फरशी ओलांडून ती खडीवर गेली. पुढची हलकी पावलं थांबली. जड पावलं तिच्यापर्यंत पोचली.

मग दोन्ही मिळून चालू लागली. बारीक होत गेली. आणि नाहीशी झाली.

"अहो मास्तर!" दिग्दर्शिका वैतागली. "त्याची कशाला वाजवलीत? तो मागे जात नाही! किती वेळा सांगितलं?"

"त्यांचे दोन्ही हात चपलांत होते," ताई म्हणाल्या. "पायांत बूट नव्हते."

"मग तेवढी काढून टाका."

ताईंनी प्रयत्न केला. दोन्ही पावलं एकात एक गुंतली होती. एक काढलं की दुसरं जात होतं.

"असू दे, पुन्हा घेऊ," दिग्दर्शिका म्हणाली आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेली. बाहेरच्या बोळात तिच्या पायांखाली जुन्या फळ्या करकर वाजत गेल्या.

मास्तर खोलीत परतले. कोपऱ्यातले बूट घातले, नाड्या बांधल्या. उठले, लाकडावरून चालत काचेआड आले आणि ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

ताई केवढ्याने दचकल्या. "कधी आलात? कळलंच नाही!"

दोघांनी खाली बघितलं. मास्तर चार पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग थांबून त्यांनी टाच फळीवर आपटली. आणखी जोरात आपटली. कळ गुडघ्यापर्यंत गेली, पण फळी वाजली नाही.

"ताई?" ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, धड होता.

ताईंनी हळूच हात लांब करून मुद्रणाचं बटण दाबलं. मास्तर आत जाऊन माइकसमोर उभे राहिले आणि चालू लागले, लाकडावर, फरशीवर, खडीवर. त्यांच्या पायांखाली खडी दबत होती, बाजूला सरकत होती. यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा जागचा हलला नाही.

बाहेर फळ्या करकरल्या. दिग्दर्शिका विसरलेली पिशवी न्यायला परत आली होती. मोबाइलमधलं डोकं वर न काढता ती काचेजवळ थांबली. काचेपलीकडे मास्तर अजून चालत होते.

"मास्तर गेले का?" तिने विचारलं.

ताईंनी काचेतून बघितलं. काय सांगावं, ते त्यांना कळेना.