न टोचलेली तीन वांगी

हवालदार पितांबर मळ्यात पोचला तेव्हा गॅसभट्टीच्या जाळीवर तीन वांगी फुटून पडली होती. बाकी सगळं कुणीतरी घाईघाईनं आवरून ठेवलं होतं.

चंपाषष्ठी उलटून दोनच दिवस झाले होते. सोनगीरजवळच्या मळ्यात उखर्डू आबांनी धुळ्याच्या साहेबलोकांना भरताची पार्टी दिली. दुपारी दीडच्या सुमारास भट्टीनं भडका घेतला आणि स्वयंपाकाला आलेल्या कुंदाबाईचे दोन्ही हात, गळा, अर्धा चेहरा भाजून निघाला. तीन वाजायच्या आत पाहुण्यांच्या जीपा पसार झाल्या. बाईला दवाखान्यात न्यायला मात्र एकही जीप मोकळी नव्हती. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धुळ्याला नेलं.

तिचा नवरा चिंधा आचारी चौकीत बसवून ठेवला होता. फौजदारांचा फोनही आला होता.

"आचारी प्यायलेला होता. भट्टीची खुंटी उघडी सोडली. कबूल झालाय म्हणतात. उद्या अकराला कोर्टात उभा कर. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो, पितांबर?"

दोन ओळी लिहायला वेळ लागत नाही. गरिबाबद्दलच्या तर मुळीच नाही.

"आबा, वांगी कशावर भाजली?" पितांबरनं विचारलं.

"या भट्टीवरच. नवीन घेतली ना, 'शेतसखी'. धुळ्याच्या रतिलालशेठकडून. कपाशीच्या काड्यांचा धूर आता कोण खातो?"

"भाजत कोण होतं?"

"चिंधाच. दुसरं कोण?"

पितांबर निंबाकडे वळला. निंबाखाली लांब खड्डा होता, त्यात काड्यांची राख अजून कोमट होती. शेजारी वांग्यांच्या करपलेल्या सालींचा ढीग. त्यानं दोन-चार साली उचलून उन्हात धरल्या. प्रत्येकीला सुरीच्या टोकानं मारलेली बारीक भोकं होती. लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत शिल्लक होतं, त्याला धुराचा खमंग वास होता.

जाळीवरची तीन वांगी मात्र अखंड भाजायला ठेवलेली. भोक नाही की तेलाचा हात नाही. म्हणून फुटली.

मग तो भट्टीखाली वाकला. खुंटी लालभडक, नवी कोरी, एका बाजूनं वितळलेली. तिच्यामागे व्हॉल्व्ह आणि नळी जोडणारा नट. नटावर आणि नळीवर कारखान्याचा निळा रंग सलग बसला होता. कुठं ओरखडा नव्हता. सिलिंडर चार हात लांब, धड उभा होता.

"आबा, गावात तर सिलिंडर फुटला म्हणतात."

"लोकांना काय, तोंड दिलंय देवानं."

आबा हे बोलताना खुंटीकडे बघत नव्हते.

*

चौकीत चिंधा भिंतीला टेकून बसला होता. तोंडाला दारूचा वास होता, ते खोटं नव्हतं.

"काय झालं, सांग."

"मीच करं बठ्ठं. लिखी ल्या, भाऊ."

"लिहितो, सगळं तूच केलंस. खुंटी कशी उघडलीस?"

"फिराई."

"कुठल्या अंगाला?"

चिंधा गडबडला. "उजवा हातले."

"नुसती फिरवली? आधी काही केलं नाहीस?"

"नही. काय करनं व्हतं?"

पितांबरनं वही मिटली. ती खुंटी आधी आत दाबावी लागत होती आणि मग डावीकडे फिरत होती. मळ्यात त्यानं स्वतः करून पाहिलं होतं.

"चिंधा, त्या भट्टीला तू हात तरी लावला होतास का?"

"लावा ना! कितला येळा सांगू? कुंदा कशी शे? माले तिले देखू द्या."

"कोणाला वाचवतोयस?"

चिंधानं मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी रतिलालशेठ आपण होऊन चौकीत आला. सफारी, हातात कातडी पाकीट, चेहऱ्यावर दुखवट्याचं हसू.

"फार वाईट झालं, हवालदारसाहेब. दुकानात फोन आला, सिलिंडर फुटला म्हणे. म्हटलं जाऊन यावं."

"मळ्यात गेला होता?"

"छे! मी सरळ इथंच आलो. दिवसभर गल्ल्यावर होतो." त्यानं पाकिटातून कागद काढला. "आपल्या मालात दोष नाही, एवढं दाखवायचं होतं. हे जळगावच्या कारखान्याचं पत्र. जूनमध्ये त्यांनी सगळ्या भट्ट्या परत बोलावल्या. खुंटीच्या व्हॉल्व्हमधला रबर तापून मऊ पडायचा, गॅस सुटायचा. त्यांनी मला चाळीस नवे व्हॉल्व्ह आणि चाळीस लाल खुंट्या धाडल्या. मी चाळीसच्या चाळीस भट्ट्या दुरुस्त केल्या. आबांच्या भट्टीची खुंटी लाल आहे ना?"

"आहे."

"मग झालं! आचाऱ्याची चूक. दारू वाईट हो."

पितांबरनं पत्र नीट वाचलं. खाली ठळक लिहिलं होतं: नवा व्हॉल्व्ह बसवल्यावरच लाल खुंटी लावावी.

*

सकाळी नऊला फौजदार स्वतः चौकीत आले, चिडूनच. आबा, रतिलालशेठ आणि चिंधा समोर होते. भट्टी मधोमध ठेवली होती.

"साहेब, पाच मिनिटं द्या," पितांबर म्हणाला. "चिंधानं पन्नासेक वांगी खड्ड्यात काड्यांवर भाजली. साली आहेत, राख आहे, भरताला धुराचा वास आहे. त्याला भट्टीची खुंटी कशी उघडते हेही ठाऊक नाही. मग गॅसवर ही तीन वांगी कोणी ठेवली?"

"बायकोनं ठेवली असतील."

"आपल्याकडची सात वर्षांची पोरगीही टोचे मारल्याशिवाय वांगं विस्तवावर ठेवत नाही. ही ठेवणारा जन्मात चुलीपाशी बसलेला नाही. त्याला भरीत करायचं नव्हतं, भट्टी दाखवायची होती. साहेबलोकांना. गिऱ्हाईक म्हणून."

रतिलाल हसला. "माझ्याकडे काय बघता? मी दुकानात होतो."

"शेठ, तुम्हाला फोनवर कळलं की सिलिंडर फुटला. मळ्यात तुम्ही पाऊल ठेवलं नाही. मग सिलिंडरचा कागद आणायचा सोडून खुंटीचा कागद खिशात घालून कसे आलात? आग खुंटीतून निघाली हे फक्त तिथं उभ्या असलेल्या माणसाला माहीत."

फौजदार भट्टीकडे सरकले.

पितांबरनं पाना घेतला. "नवा व्हॉल्व्ह बसवायचा तर हा नट खोलावाच लागतो. नट खोलला की रंग तुटतो. बघा, रंग सलग आहे." त्यानं जोर लावला. नट कटकन सुटला आणि निळ्या रंगाच्या खपल्या टेबलावर पडल्या. आतून चघळलेल्या गुळासारखा रबर निघाला. "आत जुनंच मढं. वरून लाल टिकली."

"एखादी राहिली असेल चुकून—"

"आठ वाजता माणसं तुमच्या गोदामात गेली होती. चाळीस व्हॉल्व्हची गोणी माळ्यावर सापडली. शिवणसुद्धा उसवलेली नाही. खुंट्या बसवायला दोन मिनिटं लागतात, व्हॉल्व्हला अर्धा तास. तेवढाही वेळ तुम्हाला द्यायचा नव्हता."

मग पितांबर आबांकडे वळला. "आता तुम्ही बोला. नाहीतर तुमचंही नाव यात घालतो."

आबांच्या टोपीखालून घाम निथळत होता. "रतिलालशेठच पेटवून दाखवत होते. वीसेक मिनिटांनी खुंटीपाशी फुस्स आवाज आला. तेव्हा शेठ दोन पावलं मागं सरले आणि कुंदाबाईला म्हणाले... बाई, जरा खुंटी कमी कर."

फौजदारांनी रतिलालकडे पाहिलं. आता तो हसत नव्हता.

"तुला आवाज ऐकू आला," पितांबर म्हणाला. आता तो त्याला शेठ म्हणत नव्हता. "आवाज कशाचा ते तुला जूनपासून माहीत होतं. तू स्वतःचा हात मागे घेतलास आणि तिचा पुढे केलास."

फौजदारांनी बेड्या मागवल्या. उरलेल्या एकोणचाळीस भट्ट्यांच्या गिऱ्हाइकांची नावं रतिलालकडून तिथंच लिहून घेतली आणि साक्रीपर्यंत शिपाई धाडले.

"आणि हा खोटं का बोलला?" त्यांनी चिंधाकडे बोट केलं.

चिंधा पहिल्यांदा नीट बोलला. "आबा म्हने, खुंटीवर हात तुनी बायकोना व्हता. नाव तिनं तरी लागी, नही तं तुनं. मी खड्डापाशी व्हतू, साहेब. माले वाटनं, तिनाच हाततीन चूक व्हयनी."

"साहेबलोकांचं नाव नको यायला, म्हणून," आबा जमिनीकडे बघत म्हणाले. त्यांचाही जबाब त्याच दुपारी नोंदला गेला.

अकरा वाजता चिंधा कोर्टात नव्हता, धुळ्याच्या दवाखान्यात होता. कुंदाबाईचं तोंड पट्ट्यांत बांधलेलं, एक डोळा उघडा. तो डोळा नवऱ्याकडे लागला आणि भरून आला. बोलता येत नव्हतं, तरी तिनं बांधलेला हात किंचित हलवला, माफी मागितल्यासारखा.

चिंधा तिच्या कानाशी वाकला.

"नही वं, कुंदे. तुनी काहीच चूक नव्हती."