सतरा नंबरचं दूध

औषधांच्या कारखान्यात मी वजनं तपासते. काट्याने सांगितलं तरच माझा विश्वास बसतो. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी घाबरट नाही आणि वेडी तर मुळीच नाही.

रक्तदाबापायी चार महिने अंथरुणावर काढले, तरी लेक दहा आठवडे आधीच आली. काचेच्या पेटीत ठेवलेली एवढीशी पिटुकली. पंप लावून अर्धा तास बसलं की माझं दूध जेमतेम चमचाभर निघायचं. बाकीचं यायचं दूधपेढीतून, दुसऱ्या कुणा आईचं. तिचं नाव सांगत नाहीत. बाटलीवर फक्त नंबर असतो. आमचा सतरा.

सिस्टर चमच्याने पाजायच्या. माझं दूध लेकीच्या ओठांवरून ओघळून जायचं. सतरा नंबर मात्र चाटूनपुसून साफ.

"मानवलंय हो पोरीला," सासूबाई म्हणाल्या. "भलं होवो त्या बाईचं."

माझ्या पोटात दुखलं. आभार मानायचे सोडून मी त्या बाईवर जळत होते. कळा मी सोसल्या, टाके मला पडले, आणि लाडकी कोण, तर ही. हिचं दूध गोठवून, तापवून आणलेलं, तरी वरचढ.

मंगळवारी दुपारी सिस्टर फोनवर होत्या. मी सतराचं दूध बेसिनमध्ये ओतून दिलं, लेबल सोललं आणि माझ्या बाटलीवर चिकटवलं. दोन दिवस थेंब थेंब साठवलेलं होतं. लेकीने सगळं संपवलं. त्या बाईला मनात म्हटलं, आता बस बोंबलत.

बुधवारपासून माझा पंप कोरडा पडला. लाजेने मी कुणाला बोलले नाही.

आठवड्याने सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता अंगावर लावून बघू." इथली पद्धत अशी, की आधी बाळाचं वजन करायचं, पाजायचं, मग त्याच कपड्यांत पुन्हा वजन. जेवढा फरक, तेवढं दूध पोटात गेलं.

लेक छातीला लागली आणि घोट घेऊ लागली. मला ऐकू येत होते. वजन चाळीस ग्रॅमने वाढलं.

"बघा, उगाच काळजी करत होतात."

बाथरूममध्ये जाऊन मी छाती दाबून पाहिली. एक थेंब नाही. मग काटाच तपासला. बरोबर होता.

"सतरा नंबरच्या बाई कोण हो?" मी विचारलं.

"त्यांनी बंद केलं, मागच्या मंगळवारपासून. आधीचा साठा होता, तो वापरला. फोन आला होता. म्हणाल्या, आता बाटली नको, मीच जाऊन पाजते तिला." सिस्टर हसल्या. "त्यांचं बाळ असेल कुठेतरी ॲडमिट."

आज सकाळी घरी सोडणार होते, पाजून वजन वाढलं तरच. लेकीला काट्यावर ठेवलं. एकोणीसशे ग्रॅम. आकडा लिहून सिस्टर कागद आणायला बाहेर गेल्या. मी ब्लाउजच्या बटणाला हात घातला.

लेकीचे ओठ हलले.

एक घोट. एकोणीसशे चार.

आणखी एक. एकोणीसशे नऊ.

तिचा गाल चपटा झाला होता, कुणावर तरी दाबल्यासारखा. समोर कुणी नव्हतं.

दुसरी कुणी घाबरली असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"झालं का पाजून?" दारातून सिस्टरनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मीच पाजलं."

काट्यावर लेकीने मान वळवली आणि दुसऱ्या बाजूने प्यायला लागली.