कठड्याजवळची जागा

भक्तांचे फोन सकाळी साडेनवाला सुरू होतात. मी डबासुद्धा टेबलावर ठेवलेला नसतो, आणि कोणीतरी साठीचा गृहस्थ मला सांगत असतो की तिसऱ्या गाण्यातला धूर निळा होता, जांभळा नव्हता, तेव्हा कृपा करून जांभळा करू नका. पस्तीस वर्षांपूर्वी एका मैदानात चार केसाळ माणसांच्या बँडने अडीच तास गोंगाट केला, लोकांच्या डोक्यावरून आग ओकणारा लोखंडी पक्षी फिरवला आणि त्याचं चित्रीकरण झालं. एवढीच ती गोष्ट. जुन्या कॅसेटवर नुसता चिखल दिसायचा. आता मूळ फिल्म सापडली, ती साफ होऊन नवी डिस्क निघणार म्हटल्यावर या मंडळींच्या डोळ्याला डोळा लागेना.

साफ करणारा मी. फिल्मच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं हेच करतोय. फिल्म म्हणजे एका सेकंदाला चोवीस चित्रं. जे एकाच चित्रात आहे आणि त्याच्या आधीच्या, नंतरच्या चित्रात नाही, तो डाग. कॉम्प्युटर त्याभोवती लाल गोल काढतो. मी शेजारच्या चित्रातला तेवढाच तुकडा उचलून त्यावर बसवतो, की झालं. शंका आली तर दुसऱ्याला विचारायचं, आणि त्याने हूं की चूं केलं नाही तर डाग समजून पुसून टाकायचं. हा नियम मीच घातला. प्रत्येक ठिपक्यावर चर्चा करत बसणारी माणसं मला सहन होत नाहीत.

माझ्या कर्माने यातला एक भक्त घरातच आहे. माझा थोरला भाऊ. दादाने तेव्हा दोन तिकिटं काढली होती, एक माझं. मी अठरा वर्षांचा होतो. असल्या माकडचाळ्यांना मी येत नाही, असं म्हणून मी तिकीट त्याच्या अंगावर फेकलं. हा शहाणा तिथे पुढच्या लोखंडी कठड्याशी अडीच तास माझी जागा धरून उभा राहिला, मी येईन म्हणून. लोकांनी कोपरं मारली, शिव्या घातल्या, याने हात काढला नाही. पुढे लग्न केलं नाही, नोकरी धड केली नाही, आणि हे मात्र शंभर वेळा सांगितलं. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी चालेल तेवढी चालेल. तेव्हापासून रोज मी घरात शिरलो की एकच प्रश्न असतो.

"दिसलो का मी?"

"नाही. हजारो माकडं आहेत तिथे."

"कठड्याशी बघ. तेवढं एकदा बघू दे मला, मग काही का होईना."

मी चिडायचो. खरं सांगायचं तर घाबरायचो. आईवडील गेल्यावर मला 'अरे' म्हणून हाक मारणारा तो एकटाच उरलाय.

एके दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक भक्त आला. टक्कल, गळ्यात हिरवा मफलर, कानामागे पिवळट श्रवणयंत्र. डावीकडच्या दिव्यांच्या खांबाखाली मी आहे, सापडलो तर सांभाळा, म्हणाला. म्हटलं, तळहातावरच्या फोडासारखं जपतो. त्याला ते खरं वाटलं. हात जोडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रिळात, त्या खांबाखाली, कॉम्प्युटरने लाल गोल काढला. मी चष्मा पुसून चित्र मोठं केलं. उन्हाळ्यातली गर्दी, सगळी विशीतली पोरं, निम्मी उघडी. त्यांच्या मधोमध एक टकला म्हातारा. गळ्यात हिरवा मफलर. कानामागे पिवळट ठिपका.

आधीच्या चित्रात तो नव्हता. नंतरच्याही नाही.

ऑफिसातल्या कोणीतरी टवाळकी केली, असं मी धरून चाललो. आमच्याकडे शेवटची तपासणी करणाऱ्या बाई आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "एकाच चित्रात आहे ना? मग तुमच्याच नियमाने डाग."

मी पुसला. पाऊण मिनिटाचं काम.

चार दिवसांनी त्या मफलरवाल्याची मुलगी खिडकीवर आली. वडील इथे आलेत का, म्हणाली. घराचं दार आतून बंद होतं. चपला दाराशीच. चहा अर्धा प्यालेला, आणि श्रवणयंत्र बशीत काढून ठेवलेलं. मी तिला नाही म्हणालो. ती गेल्यावर मला माझ्या हातांचीच किळस आली.

मग मी लाल गोल नीट बघायला लागलो. एकेका रिळात दोन-दोन, तीन-तीन निघत होते. काठी धरलेली बाई. दम्याचा पंप तोंडाशी नेणारा माणूस. रोज फोन करून डोकं उठवणारे सगळे आपल्या आजच्या वयात तिथे उभे होते, तोंड उघडं, हात वर. मी एकही पुसला नाही. बाईंना म्हटलं, डाग नाहीत, राहू द्या. त्यांनी खांदे उडवले.

चौथ्या रिळात कठडा आला.

दादा होता. सत्तावन्न वर्षांचा. अंगात माझ्या बायकोने या हिवाळ्यात विणलेला मरून स्वेटर. तिच्या हातून उजवी बाही चार बोटं लांब झाली होती, म्हणून तो ती दुमडतो. चित्रातही दुमडलेली होती. एक हात बाजूला लांब करून त्याने कठडा धरला होता. त्या हाताआड, एवढ्या चेंगराचेंगरीत, एका माणसापुरती जागा रिकामी होती.

मरून स्वेटरवाला राहू द्या, असं बाईंना सांगून मी दुपारीच घरी पळालो.

दादा खुर्चीतच होता. मला एवढं हायसं वाटलं की मी दारातच बसलो. पण त्याचा आवाज बसला होता. तासन् तास ओरडल्यावर बसतो तसा. बायको म्हणाली, "सकाळपासून ब्र काढला नाहीये त्यांनी. आवाज कशाने बसला?"

त्याच्या स्वेटरला फटाक्यांच्या जळक्या दारूचा वास येत होता.

"सापडलास तू," मी म्हणालो. "कठड्याशीच आहेस. पुसलं नाहीये मी. कोणाला पुसू देणार नाही."

"आणि तू?"

"मी कुठे आलो होतो, दादा?"

तो हसला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जागा धरलीये रे."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या जागेची लाज वाटली. मी त्याच्या शेजारी बसलो. "चुकलो मी," म्हटलं. "यायला हवं होतं." त्याने माझा हात उचलून खुर्चीच्या दांडीवर आपल्या हाताशेजारी ठेवला. खुर्ची लाकडी आहे. माझ्या तळहाताला लोखंड लागलं, घामाने ओलं आणि गरम.

तेवढ्यात फोन वाजला. तपासणीच्या बाई होत्या.

"चौथं रीळ बघतेय. कठड्याशी एक डाग राहिलाय. मरून स्वेटरवाल्याला तुम्ही ठेवायला सांगितलंत, तो ठेवलाय. हा त्याच्या शेजारचा."

मी फोन कानाशी दाबला.

"चष्मेवाला माणूस आहे, धुरात चेहरा नीट ओळखू येत नाही. अख्खी गर्दी स्टेजकडे बघतेय आणि हा एकटा तोंड वाकडं करून कॅमेऱ्याकडे बघतोय. एकाच चित्रात आहे. काढू?"

नको, म्हणायला मी तोंड उघडलं. घसा पार बसला होता. साधा हुंकारसुद्धा फुटेना. मी दादाकडे बघितलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पिवळा, हलता उजेड पडला होता.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "केवढा गोंगाट आहे तुमच्याकडे."

त्यांनी आणखी एकदा हॅलो केलं.

"बरं. हूं की चूं नाही, म्हणजे नियमाप्रमाणे."