जिंडाबाइनचा वाढीव पाऊस

फोनच्या नकाशावरची लाल खूण तळ्याच्या पोटात होती आणि सुखदा काठावर. मधे नुसतं पाणी. तिने ऑफिसच्या जुन्या नोंदीतले अक्षांश-रेखांश पुन्हा तपासले, एकही आकडा चुकला नव्हता. सुखदाचा आकडा सहसा चुकत नसे आणि त्याचा तिला जरा गर्वच होता. मेलबर्नच्या ऑफिसात गावोगावचे पावसाचे आकडे तपासायचं तिचं काम, आणि ऑफिसात तिची ख्याती अशी की स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा ही फॉर्म भरल्याशिवाय कापणार नाही.

“आता काय पोहत जायचं की काय!” ती वैतागून मोठ्याने म्हणाली.

“नका जाऊ. पाणी फार गार आहे.”

मराठीत! ऑस्ट्रेलियात, ऑगस्टच्या कडाक्यात, सकाळी आठ वाजता, बर्फाच्या डोंगरांखाली! सुखदा गर्रकन वळली आणि गोठलेल्या दवाने निसरड्या झालेल्या गवतावरून तिचा पाय सटकला. मागे उभ्या असलेल्या तरुणाने चपळाईने हात पुढे केला आणि… तिची बॅग पकडली. सुखदा खाली बसली ती बसलीच.

“सॉरी, सॉरी! बॅग जवळ होती…” त्याचे कान लाल झाले होते. थंडीने म्हणावं, तर आत्तापर्यंत ते लाल नव्हते.

हा चंद्रहास. मूळचा दहिवडीचा, ऑस्ट्रेलियातच मॉसन लेक्सच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकला, आणि गेली दोन वर्षं इथे वर, स्की करणाऱ्यांना बर्फाच्या डोंगरावर नेणाऱ्या पाळणाखुर्च्यांची देखभाल करतो. कामावरच्या मंडळींना त्याचं नाव झेपत नाही, म्हणून ती त्याला चॅझ म्हणतात.

“कुठे जायचंय तुम्हाला?”

तिने फोन दाखवला. त्याने पाहिलं आणि हसला.

“पत्ता बरोबर आहे. गाव हललंय. जुनं जिंडाबाइन खाली आहे, पाण्यात. साठच्या दशकात नदीवर धरण बांधलं, तेव्हा अख्खं गाव उचलून वर आणलं.”

“म्हणजे इथले सगळे धरणग्रस्त?”

“हो ना! माझी घरमालकीण बेरिल सतरा वर्षांची होती तेव्हा.”

सुखदाने फोन खिशात टाकला. “बेरिल? पर्जन्यमापकवाल्या?”

“तुम्ही हवामानवाल्या?” त्याचा चेहरा असा उजळला की सुखदाला पुढचं बोलवेना. “आलात एकदाच्या! मी तिला सांगत होतो, पंच्याहत्तर वर्षं झाली, कोणीतरी येणारच. आधी तिचे वडील, मग ती. रोज सकाळी नऊ वाजता, एक दिवस खाडा नाही. गाव बुडालं त्या आठवड्यातसुद्धा नाही, ट्रकमध्ये तिने पर्जन्यमापक मांडीवर घेतला होता. बिल्ला आणलाय ना? की सर्टिफिकेट? नको, सांगू नका, सरप्राइज राहू दे!”

सुखदाच्या बॅगेत बिल्लाही नव्हता आणि सर्टिफिकेटही नव्हतं. तिथे होती या हिवाळ्याची यादी, लाल पेनाने खुणा केलेली. जूनपासून जिंडाबाइनमध्ये आजूबाजूच्या गावांपेक्षा फार जास्त पाऊस नोंदला जात होता. कारण सापडलं नाही, तर तिला हे तीन महिने खोडावे लागणार होते. पंच्याहत्तर वर्षांच्या सलग नोंदीत पहिलं भोक पडणार होतं, आणि ते सुखदाच्या सहीने.

“चला, नऊला रीडिंग आहे. बेरिलचं खुब्याचं हाड मोडलं ना जूनमध्ये, तेव्हापासून मीच घेतो.” त्याने तिची बॅग खांद्यावर टाकली. “आणि मला तू म्हणा. इथे तुम्ही ऐकलं की मला माझ्या हेडसरांची आठवण येते.”

“मग तूही तू म्हण.”

“नो वरीज,” तो म्हणाला, आणि उगाचच पुन्हा हसला.

चढाच्या रस्त्याने तो बोलतच राहिला. रात्री गार हवा डोंगरावरून खाली उतरून खोऱ्यात साठते, म्हणून कधीकधी वरच्यापेक्षा इथेच जास्त गारठा. आणि ढग? ते पलीकडच्या उतारावर रिकामे होतात, या बाजूला येतं ते उरलंसुरलं.

“पर्जन्यछाया,” सुखदा म्हणाली.

“अगदी! आमच्या माणदेशासारखंच. महाबळेश्वर तिकडे भिजणार, आम्ही इकडे आभाळाकडे बघत बसणार. एवढ्या लांब आलो आणि पुन्हा डोंगराच्या कोरड्या बाजूलाच येऊन पडलो. नशीब!”

सुखदा खळखळून हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकी मोकळी हसली नव्हती. हा आवडतोय आपल्याला, तिने मनात स्पष्ट कबूल केलं, आणि अर्ध्या तासात याचं तोंड उतरवायचं आपल्याच हातात आहे, हेही.

बेरिलबाई खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसल्या होत्या. पाहुणी कुठून आली ते ऐकून त्यांनी केसांवरून हात फिरवला, आणि चंद्रहासने त्यांना हळूच डोळा मारला. सुखदाने नजर खाली वळवली.

बरोबर नऊ वाजता अंगणात चंद्रहासने पर्जन्यमापकाचं नरसाळं उघडलं. आत रात्रीचं बर्फ गच्च बसलं होतं.

“आता बघ हं.” तो स्वयंपाकघरात गेला, गरम पाण्याने काठोकाठ भरलेलं स्टीलचं फुलपात्र घेऊन आला आणि ते बर्फावर ओतलं. बर्फ वितळलं. त्याने सगळं पाणी मोजपात्रात घेतलं, वाकून पाहिलं. “नऊ पूर्णांक चार मिलिमीटर!” आणि कानामागचं पेन काढलं.

सुखदाने डोळे मिटले. कारण सापडलं होतं.

“आणि तू ओतलेलं पाणी?”

“त्याचं काय?”

“ते पाऊस नाहीये, चंद्रहास.”

त्याने मोजपात्राकडे पाहिलं. फुलपात्राकडे पाहिलं. पेन हळूच परत कानामागे गेलं.

“ते वजा करायचं असतं,” ती हलकेच म्हणाली. “मी बिल्ला द्यायला नाही आले. मी… हेच शोधायला आले. तुझे आकडे जास्त येतात.”

त्याने मोजपात्र खाली ठेवलं. तो एक शब्द खोटं बोलला असता, की फक्त आजच विसरलो, तर ते खोडून काढणं सुखदाला अवघड गेलं असतं. खरं सांगायचं तर तिच्या मनात क्षणभर आलंसुद्धा की याने तसं बोलावं.

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “एकदाही वजा केलं नाही. बेरिलने सांगितलं होतं, गरम पाणी घाल. पुढचं तिने सांगितलं असेल तर ते मी ऐकलं नाही, तेव्हा अँब्युलन्स दारात होती.” तो कसंनुसं हसला. “दुष्काळी भागातला माणूस. पाऊस वाढवून लिहिला.” मग हसू मावळलं. “खोडणार का सगळं?”

“किती पाणी ओतायचास?”

“एक फुलपात्र.”

“साधारण? की मोजून?”

“काठोकाठ. आईने दिलंय दहिवडीहून निघताना, घरात तेवढं एकच आहे.”

सुखदाने बॅगेतून लाल खुणांची यादी काढली. तिचे गाल लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हे. “आत चल. दहा वेळा भर, आणि मी सांगेपर्यंत आकड्याकडे बघायचं नाही.”

स्वयंपाकघरात तो फुलपात्र भरी आणि ती मोजपात्रात ओतून वाची. सहा पूर्णांक दोन. सहा पूर्णांक एक. सहा पूर्णांक दोन. पाचव्या खेपेला त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि अर्धं पाणी ओट्यावर सांडलं.

“हे धरायचं नाही,” ती म्हणाली.

“हात?”

“रीडिंग!”

दहाव्या फुलपात्रानंतर तिने यादीतल्या बर्फाच्या प्रत्येक दिवसातून सहा पूर्णांक दोन वजा केले. एकेक आकडा शेजारच्या गावांच्या आकड्यांजवळ येऊन बसला. शेवटची ओळ जुळली तेव्हा तिने टेबलावर थाप मारली, आणि चंद्रहासने भावनेच्या भरात ते फुलपात्रच कपाळाला लावलं.

“पण हे बेरिलना तू सांगायचंस,” ती म्हणाली. “दुरुस्ती केली असं मला लिहावं लागेल. लपवता येणार नाही.”

तो गेला. खिडकीपाशी जमिनीवर बसून त्याने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बेरिलबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली.

“मला वाटलंच होतं, लव्ह. तू आल्यापासून हे गाव फारच ओलं झालं होतं.” मग सुखदाकडे वळून त्या म्हणाल्या, “माझे वडील म्हणायचे, चूक लिहून ठेव, पण पान कोरं सोडू नकोस. लिही तू, मुली.”

सुखदाने दुरुस्तीखाली सही केली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

दुपारी चाळीस मिनिटं आधीच दोघं बसस्टॉपवर येऊन उभी होती. चंद्रहासची आर्व्होची, म्हणजे इथल्या बोलीत दुपारची, शिफ्ट होती, तरी तो निघत नव्हता. तळ्यावर बारीक बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

“सुखदा,” तो म्हणाला, “मी एक सांगू? वजाबाकी न करता?”

“सांग.”

“मला तू आवडतेस. सकाळी गवतावर बसलीस तेव्हापासून. तू माझे सगळे आकडे खोडले असतेस तरी आवडली असतीस, फक्त… जरा वेळ लागला असता.”

बस वळणावर दिसली, जवळ आली, दार उघडलं. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. चंद्रहासने बॅग पुढे केली. सुखदाने ती हातात घेतली आणि खाली, पायाशी ठेवली.

“उद्या सकाळी नऊला तुला एक बरोबर रीडिंग माझ्यासमोर घ्यावं लागेल,” ती अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाली. “दुरुस्तीनंतर तपासनीस एक दिवस थांबतो. नियम आहे.”

दार बंद झालं. बस निघून गेली. चंद्रहास तिच्याकडे बघतच राहिला.

“खरंच असा नियम आहे?”

“नाही,” सुखदा म्हणाली. “मला राहायचंय.”