तिसरी हाक

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आर्वीला यावं आणि माझ्या भाचीला एकदा हाक मारून पाहावी.

साल १९८६. कार्तिक महिना. आर्वीच्या एस.टी. डेपोमागची गल्ली, आणि वेळ तिन्हीसांजेची.

माझी बहीण शकू कावीळ होऊन गेली, तेव्हा तिची सुली पाच वर्षांची होती. आजारपणात शकूनं लेकीसाठी एक कॅसेट भरून ठेवली होती.

कॅसेटवर आधी हाक यायची. 'सुले...' मग थोडा वेळ शांत. पुन्हा 'सुले...' पुन्हा शांत.

तिसऱ्या हाकेला सुलीनं 'ओ' द्यायचा. मग गोष्ट सुरू.

आमच्याकडे दिवेलागणीला पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसऱ्याही नाही. बाहेरचं काही असलं तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणतात. शकूनं मरता मरताही लेकीला हे शिकवलं.

सुली रोज संध्याकाळी कॅसेट लावायची, ओ द्यायची, मगच जेवायची. आईचं दुसरं काही त्या पोरीजवळ उरलं नव्हतं. लुगडीसुद्धा भाऊजींनी वाटून टाकली होती.

कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या मागचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मी स्वतः तोडले होते. ते तुकडे नसले की वर दुसरं काही भरता येत नाही.

आमचे भाऊजी महादेवराव कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. माणूस हुशार, पण काळजाच्या जागी गोटा. नागपूरहून सुटे भाग आणून त्यांनी घरीच कॉम्प्युटर बांधला होता. लाकडी खोका, वर बटणं, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. त्या खोक्याला स्वतःची अक्कल नव्हती. ती कॅसेटवरून भरावी लागायची. भाऊजी तिला 'सिस्टिम' म्हणत. टेप सुरू केला की टीव्हीवर चांदण्यांची रांग वाढत जायची. रांग पुरी झाली की यंत्र कामाला तयार.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य ते पाहायला येणार होते.

मी कापसाची बैलबंडी घेऊन बाजारात आलो होतो. भाचीला भेटावं म्हणून घरी गेलो. सुली कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भाऊजी टेपवर वाकले होते.

"काय झालं, भाऊजी?"

"अटकून राह्यली. घडीघडी एकाच जागी."

त्यांनी स्पिरिटच्या कापसानं टेपचं तोंड पुसलं. बारीक पेचकसानं स्क्रू फिरवला. पंखा बंद केला.

रांग पुन्हा तिथंच थांबली.

मग त्यांनी टेपमधून खोक्याकडे जाणारी वायर उपसली. आवाजच ऐकून पाहू म्हणाले.

किर्रर्र... कानाचे पडदे फाटतील असा आवाज. आणि मध्येच...

काही नाही.

नुसती शांतता. मग पुन्हा किर्रर्र.

"मामा..." सुली ताठ बसली. "मायनं हाक मारली."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. भाऊजींनाही नाही.

त्यांनी कॅसेट काढून उलटीसुलटी पाहिली. तेव्हा मला दिसलं. वर शकूनं खुणेला चिकटवलेली लाल टिकली. आणि मागे, मी तोडलेल्या जागी, नीट कापून लावलेली चिकटपट्टी. ती जागा बुजवली की वर पुन्हा भरता येतं.

"भाऊजी, हे शकूची कॅसेट हाये!"

"मंग? बाजार बंद होता. चांगली टेप तेवढीच होती घरात."

"पोरीले काय सांगितलं?"

"टेपात गुंडाळून खराब झाली म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाचा आवाज किती दिवस ऐकत बसन ते?"

सुली हे सगळं ऐकत होती. रडली नाही. तिचं लक्ष टेपकडे होतं.

भाऊजींनी वायर खोचली, कॅसेट घातली. रांग निघाली. थांबली.

"दुसरी," सुली हळूच म्हणाली.

मी टेपला हात घातला. भाऊजींनी मला ढकललं. "नत्थू, उद्याले माह्या इज्जतीचा सवाल हाये. दूर हो!"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

चांदण्या निघाल्या... एकेक... एकेक...

थांबल्या.

सुली उभी राहिली. शकू गेल्यापासून त्या पोरीच्या तोंडावर मी असं हसू पाहिलं नव्हतं.

"मामा, तिसरी झाली."

"नाई वं बाई! ओ नोको देऊ!"

ती गोंधळली. बापाकडे पाहू लागली.

"दे ना ओ!" भाऊजी ओरडले. "दे अन् हो मोकळी! डोस्कं खाऊन राह्यली मघापासून!"

सुलीनं ओ दिला.

रांग सरसर पुढे गेली. पुरी झाली. भाऊजींनी टाळी वाजवली. "चालली! चालली!"

मी भाचीला हाक मारली. "सुले..."

तिनं मान वळवली नाही.

पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडून मारली. ती माझ्या हातभर अंतरावर होती.

डॉक्टर झाले, देवऋषी झाले. कान ठणठणीत आहेत. तिला गाडीचा हॉर्न ऐकू येतो, पाऊस ऐकू येतो, बोललेलं सगळं कळतं. नावानं मारलेली हाक तेवढी तिच्यापर्यंत पोचत नाही. माझीही नाही.

प्राचार्यांनी भाऊजींची पाठ थोपटली म्हणे.

भाऊजी म्हातारपणी खाटेला खिळले. शेवटच्या दिवशी घशाला कोरड पडून "सुले... सुले..." करत होते. ती बाजूलाच तांदूळ निवडत होती. मी विहिरीवरून आलो तेव्हा ते गेले होते आणि तिचे तांदूळ निवडून झाले होते. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

आता ती माझ्याजवळ असते. तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. रोज दिवेलागणीला हातातलं काम थांबवते, कान देते आणि म्हणते, "ओ."

ज्याला तिसरी हाक मारता येत नाही ते बाहेरचं, असं आम्ही मानत आलो. पण त्या दिवशी तिसरी हाक आली, आणि तो नियम शकूला माहीत होता. मग बाहेरून हाक मारतं ते कोण, हे मी कुणाला विचारू?

परवा सुलीनं ओ दिला नाही.

"मी आली वं माय," म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

चपला मी लपवून ठेवल्या आहेत.